पॉपरबाईंचा हिशेब

आमची मुलगी पाच वर्षांची असताना शाळेत तिला विचारलं होतं, पेंग्विन कुठे राहतात? तिने ताबडतोब उत्तर दिलं, "भायखळ्याला." तिच्या बाईंनी आम्हाला ईमेल करून विचारलं की हे भायखळा अंटार्क्टिकात नेमकं कुठे येतं. पोरीची चूक नव्हती. शिकागोत जन्मलेल्या या मुलीने आयुष्यातला पहिला पेंग्विन पाहिला तो सुट्टीत आजी-आजोबांबरोबर, राणीच्या बागेत. २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत आणले गेले, त्यातला एक काही महिन्यांतच दगावला, आणि मार्च २०१७ पासून बाकीच्यांना बघायला गर्दी लोटली, ती आजतागायत. आम्ही गेलो तेव्हा बाहेर घामाच्या धारा आणि काचेच्या पलीकडे त्या पक्ष्यांसाठी राखलेला गारवा. मुलगी काचेला नाक लावून उभी. माझे वडील शेजारी उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "याचं विजेचं बिल किती येत असेल गं?"

तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे दोन वर्षांनी मुलीसाठी एक पुस्तक वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की त्या अख्ख्या पुस्तकाचा विनोद बाबांच्या या एका प्रश्नावर उभा आहे.

पुस्तकाचं नाव 'मिस्टर पॉपर्स पेंग्विन्स'. लेखक रिचर्ड आणि फ्लॉरेन्स अ‍ॅटवॉटर, चित्रं रॉबर्ट लॉसनची, प्रकाशन १९३८. दुसऱ्या वर्षी न्यूबेरी पुरस्काराच्या मानकऱ्यांत ते आलं आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या बालवाचनालयांतून हललेलं नाही. तुमची मुलं इथे शाळेत जात असतील तर तिसरी-चौथीत ते घरी आलं असेलच, आणि तुम्ही मुखपृष्ठ बघून बाजूला ठेवलं असेल. मीही ठेवलं होतं.

गोष्ट थोडक्यात अशी. स्टिलवॉटर नावाच्या लहान गावात मिस्टर पॉपर घरं रंगवतो, भिंतींना कागद लावतो. स्वभावाने वेंधळा. कधी गावाबाहेर गेलेला नाही, पण ध्रुवप्रदेशांवरचं हाती लागेल ते पुस्तक वाचतो. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर असलेल्या अ‍ॅडमिरल ड्रेकला तो एक पत्र लिहितो. उत्तर रेडिओवरून येतं: थांब, तुझ्यासाठी काहीतरी पाठवतोय. मग एक दिवस विमानाच्या पार्सलने भोकं पाडलेलं मोठं खोकं येतं आणि त्यातून पेंग्विन चालत बाहेर येतो. त्याचं नाव कॅप्टन कुक. तो फ्रिजमध्ये राहायला लागतो. पुढे एकटेपणाने आजारी पडतो, म्हणून एका मत्स्यालयातून ग्रेटा नावाची तितकीच कोमेजलेली मादी येते. दोघं सुधारतात, दहा पिल्लं होतात, आणि घरात बारा पेंग्विन. त्यांना पोसायला पैसे नाहीत म्हणून त्यांची सर्कस बसवावी लागते.

इथवर ऐकून वाटेल की विचित्र प्राणी घरात शिरला की होणारे ठरीव गोंधळ असणार. तेही आहेत. न्हाव्याच्या दुकानात शिरणं, जिन्यावरून पोटावर घसरणं, पोलीस दाराशी येणं. पण पुस्तकाचं पहिलं प्रकरण पेंग्विनचं नाहीच. ते सप्टेंबरअखेरचं आहे. रंगाचं काम हंगामी असतं. थंडी पडली की वसंतापर्यंत कोणी घर रंगवत नाही. पॉपर रंगाने माखलेला घरी येतो आणि बायकोला हे सांगतो. पॉपरबाई डोक्यातल्या डोक्यात हिशेब मांडतात. साठवलेल्या पैशात हिवाळा काढायचा तर रोज बीन्स खाव्या लागतील. पेंग्विन येण्याआधी आपल्याला हे माहीत असतं की या घरात बीन्स मोजल्या जातात. त्यामुळे पुढे पेंग्विन जे जे करतो त्याला किंमत असते, अगदी शब्दशः. फ्रिजच्या दाराला हवेसाठी भोकं पाडून घेतल्यावर त्या माणसाला पैसे देताना पॉपरच्या मनात येतं की एवढ्यात किती बीन्स आल्या असत्या. मूल भोकांना हसतं. वाचून दाखवणारा मोठा माणूस बीन्सपाशी जरा थबकतो.

मला तर हे वाक्य मराठीत करतानाच थबकावं लागलं. आमच्याकडे नियम आहे की झोपतानाची गोष्ट मराठीत, मग पुस्तक कुठल्या का भाषेतलं असेना. डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं, तोंडाने मराठी बोलायचं. ज्यांनी हे केलंय त्यांना ठाऊक आहे की दहाव्या पानापर्यंत घशाला कोरड आणि डोक्याला घाम येतो. बीन्स आल्या तेव्हा मी बिनदिक्कत म्हटलं, "मग पॉपरबाई म्हणाल्या, आता रोज वालाची उसळ खावी लागणार." मुलगी उठून बसली. "रोज?" तिच्या डोळ्यांत पॉपरच्या मुलांबद्दल निव्वळ हेवा होता. इथे डाळिंब्या मिळायला आम्ही चाळीस मिनिटं गाडी चालवून डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूला जातो आणि सोलायला अख्खी दुपार बसतो. तिच्या लेखी उसळ म्हणजे सण. दुसऱ्या दिवशी मी ती बदलून पिठलं-भाकरी केली, तर नवरा आतून ओरडला, "काय मजा आहे लेकाची!" शेवटी मुगाच्या खिचडीवर तडजोड झाली, ती आजारपणाशी जोडलेली म्हणून. परदेशातल्या मराठी घरात गरिबीचं म्हणावं असं एकही जेवण उरलेलं नाही, सगळ्यांची मेजवानी झाली आहे, हे मला त्या रात्री कळलं. अनुवादकांनी काय करावं मला माहीत नाही. मी खिचडी ठेवली.

'अहो'चा मात्र प्रश्नच आला नाही. पॉपर नवरा-बायको मुलांच्या देखत एकमेकांना मम्मा-पप्पा म्हणतात. माझ्या तोंडून पॉपरबाई आपोआप 'अहो, ऐकलंत का' म्हणू लागल्या आणि मुलीला वाटलं, त्या डोंबिवलीच्या आजीसारख्याच आहेत. तसंही पॉपरबाई सतत केर काढत असतात आणि घर आवरलेलं नाही या एकाच काळजीत असतात, त्यामुळे आजीशी साम्य आहेच.

मराठी वाचकाला पाळीव प्राण्यांवरचा विनोद म्हटलं की पु. लं.चा 'पाळीव प्राणी' आठवतो. तिथली गंमत पाहुण्याच्या बाजूने आहे. दुसऱ्याच्या घरातलं जनावर, त्या घराचं त्या जनावरावरचं आंधळं प्रेम, आणि मध्ये सापडलेला आपण. हसू येतं ते सुटकेच्या आशेने. चहा संपला की आपण घरी जाणार असतो. अ‍ॅटवॉटर आपल्याला घराच्या आत ठेवतात. इथे पाहुणा म्हणजे फ्रिज दुरुस्त करणारा, पोलीस, किंवा टेलिफोनवरचा सरकारी माणूस, आणि वेडे ठरतो ते आपण. पॉपर पेंग्विनसाठी परवाना लागतो का हे विचारायला नगरपालिकेत फोन करतो, आणि एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून भलत्याच खात्यात ढकलला जातो. प्रत्येकजण त्याच्या प्रश्नाचं आपल्या छापील अर्जात बसेल असं काहीतरी करून घेतो. माझा व्हिसा, माझ्या नवऱ्याचा अवलंबित व्हिसा आणि त्याचा कामाचा परवाना या तीन गोष्टींवरून मी आजवर जेवढे फोन केलेत ते आठवून मला त्या पानावर इतकं हसू आलं की मुलगी रागावली. मुलं या प्रकरणात फारशी हसत नाहीत. ते आईबापांसाठीच आहे.

पुस्तकातला सर्वांत सुंदर भाग हिवाळ्याचा आहे. दोन पेंग्विन फ्रिजमध्ये मावत नाहीत, म्हणून पॉपर घराच्या खिडक्या उघड्या टाकतो. बर्फ आत येतं. दिवाणखान्यात पाणी ओतून गोठवलं जातं, मुलं त्यावर घसरतात, सगळं कुटुंब ओव्हरकोट घालून जेवतं. मग तळघरात गोठवण्याचं यंत्र बसतं, आणि तिथली भट्टी उचलून वर दिवाणखान्यात आणली जाते. पॉपरबाईंना ती तिथे विचित्र दिसते, पण निदान कोट काढता येतात. दिवाणखान्यात भट्टी, तळघरात ध्रुव, आणि यावर कोणीही आवाज चढवत नाही. लेखक एकदाही डोळा मिचकावत नाहीत. ज्यांनी शिकागोचा जानेवारी काढलाय आणि हीटिंगचं बिल पाहून खोलीचं तापमान दोन अंशांनी उतरवलंय त्यांनी हे प्रकरण जानेवारीतच वाचावं.

मंदीवर पुस्तकात एक वाक्यसुद्धा नाही. १९३८ साली त्याची गरज नसावी. पण ही मंदीच्या दशकातली गोष्ट आहे हे उधारीवर आणलेल्या कोळंबीच्या डब्यांतून कळत राहतं. म्हणून २०११चा जिम कॅरीचा चित्रपट मला अगदीच फसलेला वाटतो. त्यात पॉपर न्यूयॉर्कचा श्रीमंत बिल्डर-दलाल आहे, घटस्फोटित, चकचकीत घरात राहणारा, आणि पेंग्विन सहा. ते त्याला चांगला बाप व्हायला शिकवतात. अ‍ॅटवॉटरच्या पॉपरला काहीच शिकायचं नसतं. तो पहिल्या पानापासून चांगला बाप आहे, फक्त त्याच्याकडे पैसे नाहीत. पैशाची अडचण काढली की पेंग्विन नुसते गोंडस उरतात, आणि गोंडस पेंग्विन बघायला काचेपलीकडचे पुरतात.

पुस्तक निर्दोष नाही. सर्कस सुरू झाल्यावर, म्हणजे उत्तरार्धात, ते बरंच एकसुरी होतं. आठवड्याला पाच हजार डॉलर, दहा आठवडे असा करार होतो, मग एकामागून एक शहरं, त्याच त्या फजित्या. दहा पिल्लं नावांपुरती वेगळी आहेत: मॅगेलन, कोलंबस, स्कॉट, इझाबेला वगैरे. ही नावं आज मुलांना सांगताना दोन-तीन स्पष्टीकरणं जोडावी लागतात. पॉपरची मुलं जेनी आणि बिल तर कागदाचीच. माझ्या मुलीला शेवटपर्यंत त्यातला मुलगा कोण हे आठवलं नाही.

शेवट मात्र असा आहे की त्यावर मी गेले वर्षभर विचार करतेय. न्यूयॉर्कमध्ये पेंग्विन चुकून भलत्याच थिएटरात नेले जातात, तिथे सीलांचा खेळ चाललेला असतो, धुमाकूळ होतो, पॉपरला कोठडीत टाकतात. अ‍ॅडमिरल ड्रेक येऊन सोडवतो. सिनेमावाला मोठ्या पैशांची बोली लावतो. पण पॉपर पेंग्विनांच्या भल्याचा विचार करतो आणि त्यांना ड्रेकच्या जहाजावर उत्तर ध्रुवाकडे पाठवायचं ठरवतो, कारण तिथे पेंग्विन नाहीत, आता होतील.

इथे माझ्यातली नोकरदार बाई जागी होते. माझं पोटापाण्याचं काम म्हणजे मिशिगन सरोवरात बाहेरून आलेले क्वागा शिंपले काय काय खाऊन टाकतात ते मोजणं. नसलेल्या ठिकाणी प्राणी नेऊन सोडायची कल्पना ऐकली की माझा रक्तदाब वाढतो. पण ती कल्पना तेव्हा वेडगळ नव्हती, हेही सांगायला हवं. १९३६ साली नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर, लोफोटेन बेटांच्या बाजूला, खरोखरच किंग पेंग्विन सोडले होते. ते टिकले नाहीत. मुलीला मी हे सांगितलं नाही.

तर जहाज सुटायच्या वेळी ड्रेक पॉपरला म्हणतो, तूही चल, त्यांना तुझी गरज आहे. जन्मभर ध्रुवांची पुस्तकं वाचलेला हा माणूस बायकोकडे बघतो. वर्ष-दोन वर्षं लागतील. आणि पॉपरबाई फारसा विचार न करता सांगतात की आठवण येईल, पण घर चालायला आता पैसे आहेत, आणि हिवाळाभर नवरा घरात बसून नसला तर आवराआवर सोपी जाईल. शिवाय उद्या त्यांच्या महिला मंडळाची बैठक आहे, ती गाठता येईल.

पहिल्या वाचनात मला राग आला. अख्ख्या पुस्तकात पैशाचं ओझं वाहणारी ही बाई. पेंग्विनांची कवायत तिच्या पियानोवर बसलेली; ती थांबली तर खेळ थांबेल. आणि शेवटी तो ध्रुवावर, ती केरसुणीकडे. १९३८ सालचं पुस्तक, बाई म्हणजे घर, असं म्हणून मी ते मिटलं.

मग लेखकांबद्दल वाचलं. रिचर्ड अ‍ॅटवॉटर आमच्याच शहरातला, शिकागो विद्यापीठात ग्रीक शिकवायचा, वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहायचा. बर्डच्या अंटार्क्टिक मोहिमेवरचा चित्रपट पाहून त्याला ही गोष्ट सुचली. १९३४ साली त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याचं बोलणं-लिहिणं थांबलं. घरी दोन मुली. हस्तलिखित पडून होतं. फ्लॉरेन्सने ते प्रकाशकांकडे पाठवलं, दोन ठिकाणांहून परत आलं, तेव्हा तिने स्वतः बसून त्याची सुरुवात आणि शेवट नव्याने लिहिले. रिचर्ड १९४८ साली गेला. ती त्याच्यामागे तीस वर्षं जगली.

सुरुवात आणि शेवट. म्हणजे बीन्सचा हिशेब आणि जहाजावरचा निरोप या दोन्ही जागा तिच्या हाताखालून गेल्या. कुठलं वाक्य कोणाचं हे आता कोण सांगणार, आणि त्यावरून तिच्या मनात काय होतं हे ठरवणं तर मूर्खपणाच. तरी हे कळल्यावर मला ते पान आधीसारखं वाचता येत नाही. बोलू-लिहू न शकणारा नवरा घरात असलेली बाई, त्याच्याच गोष्टीतल्या नवऱ्याला धडधाकट, खुशीत, हव्या त्या ठिकाणी पाठवते. आणि मागे राहणाऱ्या बायकोच्या तोंडी रडगाणं घालत नाही, कंटाळून केलेला एक विनोद घालते, आणि वर पैशाची सोय करून ठेवते. मी तिला केरसुणीकडे परत पाठवलेलं पाहिलं होतं. आता मला दिसतं की पुस्तकात प्रथमच तिला पुढच्या हिवाळ्याची काळजी नाही. तरीही ती जायला हवी होती असं मला वाटतं ते वाटतंच. दोन्ही मतं एकाच वेळी बाळगून मी आहे.

मुलीला हे काही सांगितलं नव्हतं. तिने शेवट ऐकून एवढंच विचारलं, "पॉपरआई का नाही गेली? पियानो तर तिलाच येतो." स्वयंपाकघरातून नवरा म्हणाला, "तिला दोन वर्षं शांतता हवी होती." आम्ही तिघंही हसलो, आणि मग मी जरा कमी हसले. आमच्या घरात जहाजावर चढते ती मी. दर उन्हाळ्यात सहा आठवडे सरोवरावरच्या केंद्रात मुक्काम, शिंपल्यांच्या बादल्या, रात्री नेटवर्क मिळालं तर फोन. पोस्टडॉकचा करार एकेका वर्षाचा, तो वाढेल की नाही हे ऑगस्टपर्यंत कळत नाही, आणि घरखर्चाची वही नवऱ्याकडे, कारण पुण्यातली नोकरी सोडून तो माझ्यामागे आला आणि वर्षभर परवान्याची वाट बघत घरात होता. तो हिवाळाभर घरात बसून होता तेव्हा मला काय वाटायचं, हे मी त्याला सांगितलेलं नाही. पॉपरबाईंनी सांगितलं, ते विनोदात.

यंदा मी सरोवरावर असताना त्याने तिला तेच पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं. शेवटचं प्रकरण झालं त्या रात्री फोन लागला. मी विचारलं, "मग? गेला का पॉपर?"

"बाबांनी सगळ्यांना पाठवलं," ती म्हणाली. "पॉपरआईला पण. जेनी आणि तो दुसरा, त्यांना पण. फ्रिज बंद केला आणि किल्ली शेजारी दिली."

"आणि घरखर्च?"

फोनवर थोडा वेळ काही ऐकू येईना. ती बाबांना विचारायला गेली होती. परत येऊन म्हणाली, "ते म्हणतात, आई आली की बघू."